धोंडिबा यादीत नव्हता

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामावर लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, माझं काम नक्की काय होतं हे सांगण्यातच तुमची दोन पानं जातील. ते म्हणाले, जाऊ द्या. तेव्हा आता तक्रार करायची नाही.

मी तेवीस वर्षं लोकांना खेळ खेळवला. शाळेतल्या पोरांना नव्हे. मिशा पिकलेल्या पुरुषांना आणि घरात सुना आलेल्या बायांना. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पाण्यावर काम करणारी एक संस्था होती, तिच्या नारायणगावच्या कचेरीत मी नोकरीला. कागदावर माझं पद 'समुदाय संघटक'. गावात त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही, 'खेळाच्या बाई' म्हणायचे. माझं सासर पेठचं. सून नारायणगावला खेळाच्या कामाला जाते म्हटल्यावर सासूबाईंच्या डोळ्यांपुढे तिथल्या तमाशाच्या राहुट्या उभ्या राहिल्या. त्यांची समजूत घालण्यात पहिलं वर्ष गेलं. एकदा त्यांनाच बरोबर घेऊन गेले, खेळायला बसवलं, आणि त्या इतक्या चिडीला येऊन खेळल्या की परतीच्या जीपमध्येही माझ्याशी भांडत होत्या.

खेळ असा. रेक्झिनची एक मोठी चादर, तिच्यावर गाव रंगवलेलं. वर डोंगर आणि डोंगरातला झरा, मधून ओढा, खाली विहिरी, बोअर आणि बागायत. पाणी म्हणजे चिंचोके. पाऊस किती पडला ते फासा टाकून ठरायचं. खेळणाऱ्यानं एक चिठ्ठी उचलायची आणि त्या चिठ्ठीत लिहिलेला माणूस व्हायचं. 'तुझं नाव शेवंता. विहीर जानेवारीत आटते. घरात दोन म्हशी.' एवढंच लिहिलेलं. बाकीची शेवंता ज्याची त्यानं मनानं उभी करायची आणि तिच्या तोंडानं बोलायचं. असे चार पावसाळे, चार उन्हाळे काढायचे. कुणी किती पाणी उपसलं, कुणी कुणाला दिलं, शेवटी चादरीवर किती चिंचोके उरले ते बघायचं.

यातली मुख्य गोम अशी की स्वतःची चिठ्ठी कुणाला मिळायची नाही. ज्याचे टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातात त्याला कोरडवाहूवाला करायचं. डोंगरावर भात, नाचणी, वरई पिकवणाऱ्या बाईला खालचा बागायतदार करायचं. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उचलल्या जायच्या, पण कुणाच्या हाताला कुठली लागेल याची व्यवस्था मी आधी करून ठेवलेली असे. ही माझी लबाडी. नोकरी संपली, आता कबूल करायला हरकत नाही.

आळेफाट्याला गॅरेज असलेला एक गडी होता. आडदांड, ट्रकवाल्यांना शिव्या देऊन देऊन आवाज बसलेला. त्याला शेवंता आली. आधी त्यानं पदर घेतल्याचं सोंग केलं, सगळे हसले. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या विहिरीत एक चिंचोका उरला. त्यानं शेजारच्या बागायतदाराकडे पाणी मागितलं. बागायतदार झालेली त्याची सख्खी भावजय. ती म्हणाली, उद्या ये. पुढच्या डावात त्यानं परत मागितलं, ती परत म्हणाली, उद्या ये. गडी उठला आणि चप्पल घालून निघून गेला. आठवड्यानं कचेरीत आला, चहा घेतला, अर्धा तास पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "ती शेवंता आमच्या मळ्याशेजारीच ऱ्हाती, बाई." आणि गेला. पुढे त्यानं काय केलं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही, आमच्या कामात विचारायचं नसतं.

एक द्राक्षवाला होता, तो प्रत्येक डावात बोअर घ्यायचा. आटली की दुसरी, दुसरी आटली की तिसरी. शेवटी चादरीवर त्याच्या रानाची नुसती चाळण झाली आणि पाणी शून्य. त्यानं फाशाला दोष दिला. पुढच्या वेळी घरून स्वतःचा फासा आणला. त्या फाशानंही पाऊस पडेना तेव्हा म्हणाला, राव, चादरच वाकडी अंथरलीय.

खेळ चालवणाऱ्याचं काम लोकांना वाटतं बोलण्याचं आहे. ते गप्प बसण्याचं आहे. समोर माणूस चूक करतोय, शेजाऱ्याचा घास काढतोय, आणि आपण ओठ मिटून चिंचोके मोजायचे. माझा स्वभाव फटकळ, त्यामुळे पहिली काही वर्षं मला फार जड गेलं. जिनं मला हे काम शिकवलं ती बाई खेळ सुरू व्हायच्या आधी मला खडीसाखर तोंडात धरायला द्यायची. खडीसाखर विरघळेपर्यंत बोलायचं नाही.

तिनंच शिकवलेल्या दोन गोष्टी मी कधी मोडल्या नाहीत. म्हणजे एकदाच मोडल्या, त्याचंच सांगायला बसलेय. पहिली, खेळात कोण काय बोललं ते कागदावर उतरवायचं नाही. दुसरी, खेळ संपला की चौघांनी चादरीची टोकं धरून ती झटकायची आणि एकेकानं आपलं खरं नाव मोठ्यानं घेऊन उठायचं. 'मी बबन.' 'मी हौसा.' नाव घेतलं की चिठ्ठीतला माणूस संपला, त्याचं बोलणं संपलं. मग चहा. खेळात सरपंच झालेली सून नाव घेऊन उठली की परत सून व्हायची आणि चहा गाळायला लागायची. मला त्याचं वाईट वाटायचं, पण त्या भरवशावरच तर ती तासाभरापूर्वी सासऱ्याला खडसावू शकलेली असायची.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिची मित्रमंडळी शनिवारी टेबलाभोवती बसून असाच खेळ खेळतात हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्यात राक्षस, चेटकिणी, तलवारी. फासे वीस तोंडांचे. एकजण खेळ चालवणारा, बाकीचे कुणीतरी दुसरे होऊन बोलणारे. मुलगी म्हणाली, "आई, तू आयुष्यभर हेच केलंस की, फक्त राक्षसाऐवजी बोअर." त्यांच्यातही भांडणं होती. खेळ काढणाऱ्या कंपनीनं स्वतःचं अधिकृत ॲप काढलं होतं. निम्मे म्हणत, ॲप हवंच, हिशेबात डोकं जात नाही. निम्मे म्हणत, कागद-पेन्सिल असताना कंपनी आमच्या टेबलावर कशाला. तिनं माझं मत विचारलं. तेव्हा आमच्या कचेरीत नुकतंच तेच आलं होतं, म्हणून मी म्हटलं, थांब, वापरून सांगते.

आमचं अधिकृत साधन म्हणजे एक टॅब आणि त्यात बसवलेला आमचाच खेळ. वरून हुकूम आला की यापुढे टॅबवर झालेला खेळच झाला असं धरलं जाईल. मी काही नव्याला नाक मुरडणारी नाही. खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात मी त्याच्या प्रेमात होते. माझे चिंचोके दरवर्षी उंदीर खायचे. टॅबला उंदीर लागत नव्हते. जमिनीखालचं पाणी किती उतरलं हे मी अंदाजपंचे सांगायचे, टॅब निळी पट्टी खाली नेऊन दाखवायचा, आणि मी वीस वर्षं सांगून ज्यांना पटलं नव्हतं त्यांना ती पट्टी बघून पटायचं. लोक फाशाशी भांडायचे तसे टॅबशी भांडत नव्हते. मी मुलीला कळवून टाकलं, चांगलं आहे.

जुन्नरच्या पश्चिमेला एक गाव आहे. गाव खाली, आणि त्याचीच एक वाडी वर डोंगरात. नाव लिहीत नाही. वाडीला एक झरा, बारमाही, पण उन्हाळ्यात करंगळीएवढी धार. चाळीस घरं त्यावर पितात. खालच्या गावाची विहीर मार्चमध्ये तळ गाठते. झऱ्याचं पाणी पाइपानं खालच्या टाकीत आणावं का, हा तिथला जुना वाद. संस्थेनं ठरवलं, दोन्हीकडच्या लोकांना एकत्र खेळवू, एकमेकांची बाजू कळली तर काही मार्ग निघेल.

वाडीतलं कुणी यायला तयार नव्हतं. तयार केलं ते चिमाबाईनं. पन्नाशीची, काटक, एकटी राहणारी बाई. वाडीत तिच्या शब्दाला वजन होतं, कारण ती फार शब्द वापरायची नाही. माझा खेळ तिनं पूर्वी एकदा बघितलेला. ती घरोघर जाऊन म्हणाली, बसून तर बघू, बाई आपल्या वळखीच्या हायेत. वाडीचे सात जण आले, खालचे सहा.

टॅबमध्ये सुरुवातीलाच प्रत्येकाचं खरं नाव, गाव आणि फोन नंबर भरावा लागे; त्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. मी भरलं. मग नेहमीप्रमाणे उलट्या चिठ्ठ्या. वाडीचे सातही जण खालचे बागायतदार झाले, खालचे सहा वाडीचे. चिमाबाईला धोंडिबा आला. धोंडिबा म्हणजे खालचा, दोन एकर टोमॅटो, दारात गाय, विहीर कोरडी. आणि खालचे बबनराव, ज्यांचे खरोखरीचे टोमॅटो दर उन्हाळ्यात करपतात, ते झाले वाडीवरची सखू.

तेवीस वर्षांत मी इतका चांगला खेळ बघितला नाही. धोंडिबा झालेली चिमाबाई बोलायला लागली आणि मी खडीसाखर चावून गिळली. ती म्हणाली, वर बसून तुमी धार बघता, आमी खाली गायीच्या डोळ्याकडं बघतो. म्हणाली, पावसाळ्यात तुमचं समदं पानी आमच्याच अंगावरनं वाहून जातंय, तवा न्हाई इचारत कुनाचं म्हनून. तिनं असं मागितलं की खालच्या गावातल्या एकाही माणसाला गेल्या दहा वर्षांत तसं मागता आलं नव्हतं. आणि समोर सखू झालेले बबनराव गुडघे छातीशी घेऊन बसले होते, आणि म्हणत होते, न्हाई. माझ्या डोक्यावर हंडा हाय, तुझ्या न्हाई. न्हाई द्यायचं.

शेवटी टॅबनं प्रत्येकाला विचारलं, झरा खालच्या टाकीला जोडावा का? धोंडिबानं 'हो' दाबलं. वाडीच्या सातही जणांनी 'हो' दाबलं, कारण ते खालचे होते. खालच्या सहांनी 'नाही' दाबलं, कारण ते वाडीचे होते. पडद्यावर गोषवारा आला. डावीकडे खरी नावं, उजवीकडे उत्तरं. खाली बटण, 'पाठवा'.

मी तो गोषवारा बघितला. हे लिहायचं टाळता येणार नाही. माझ्या डोळ्यांनी बघितला आणि बटण दाबलं. जुन्नरला जाणारी शेवटची जीप पाचला होती, आणि खेळातलं बोलणं कुठे जातं असा विचार करायची मला सवयच नव्हती, कारण वीस वर्षं ते कुठे गेलंच नव्हतं. चादर अंथरलेली नव्हती, त्यामुळे झटकली नाही. नावं घ्यायचंही राहिलं. टॅबवर 'समाप्त' आलं, सगळे उठले.

कचेरीत आमच्या साहेबांनी अहवाल उघडला तेव्हा त्यांना काय दिसलं असेल बघा. वरच्या वाडीचे सातपैकी सात जण पाणी द्यायला राजी. खालच्या गावाचे सहाही जण नको म्हणतात. साहेब गहिवरले. साहेब तरुण, पुण्याचे, मनानं चांगले. त्यांना वाटलं, दोन्हीकडची माणसं किती मोठ्या मनाची. हे देतायत आणि ते संकोचानं नको म्हणतायत. मी त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला आंबेगावात. परत येईपर्यंत पाइपाची मोजणी करायला माणसं वर जाऊन आली होती.

चिमाबाईला झऱ्याच्या कातळावर चुन्याच्या खुणा दिसल्या. मोजणीवाल्यांना तिनं विचारलं, कुणी सांगितलं. ते म्हणाले, तुम्हीच की, तुमचं नाव पहिलं आहे. ते ऐकायला झऱ्यावर बायका होत्या. संध्याकाळपर्यंत चाळीस घरांत एकच बोललं जात होतं, की चिमाबाईनं झरा खाली देऊन टाकला. जिनं त्यांना खेळायला नेलं तिनंच. बरोबर खेळलेल्या सहांनी, आपलीही नावं निघतील या धास्तीनं, मध्ये तोंड घातलं नाही. तिच्या घरावरून लोक न बोलता जायला लागले. पुढे मला तिच्या शेजारणीनं सांगितलं, झऱ्यावर ती आली की बायका हंडे उचलून बाजूला सरत, म्हणजे तिला पुढे जागा देत, पाव्हण्यांना देतात तशी. वाळीत टाकण्याचा हा त्यांचा प्रकार.

शाळेच्या ओसरीवर बैठक झाली. साहेबांनी छापलेला अहवाल समोर धरला. चिमाबाई उभी राहिली.

"ते मी न्हाई बोलले," ती म्हणाली. "ते धोंडिबा बोलला."

साहेबांनी कागद वरून खाली वाचला, परत वाचला. "बाई, यादीत धोंडिबा नाही."

वाडीतली माणसं हसली, आणि ते हसणं साहेबांना नव्हतं. पन्नास वर्षांच्या बाईनं सगळ्यांसमोर नसलेल्या माणसावर ढकललं, असं ते हसणं. चिमाबाईनं माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषण केलं. चिठ्ठ्या कशा उलट्या असतात, नावं मी कशी भरली, बटण मी कसं दाबलं. ऐकणाऱ्यांना ते सारवासारव वाटत होतं हे मला बोलतानाच कळत होतं. संस्थेच्या बाईनं संस्थेची चूक सांगितली तर विश्वास कोण ठेवणार, आणि तीही पाणी हातचं जायची वेळ आल्यावर.

तेवढ्यात बबनराव उठले. त्यांच्या टाकीत पाणी येणार होतं. गप्प बसण्यातच त्यांचा फायदा होता.

"सायेब, हिचं हो धरताय तर माझं न्हाई बी धरा. खालच्या गावाचा मी, आन मी न्हाई म्हनलोय. लिवलंय ना तितं?" साहेब म्हणाले, लिहिलंय. "मंग कसं? ज्याला पायजे त्यो न्हाई म्हनतोय आन जिला नगं ती हो म्हनतीय, आसं कंच्या गावात आसतंय? ती मी व्हती, मी ती व्हतो. इचारा कुनालाबी."

त्यावर मात्र ओसरी खरी हसली. साहेबही हसले, आणि हसता हसताच त्यांना उलगडलं. काम थांबलं. त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. पुढच्या दुरुस्तीत टॅबवर चिठ्ठीतलं नाव वर आणि मोठं आलं, खरी नावं काढून टाकली, आणि शेवटी एक पान टाकलं: 'हा खेळ होता. खेळातलं बोलणं हे खेळणाऱ्याचं मत नव्हे.' वाक्य मीच लिहून दिलं. झरा आजही वाडीचाच आहे.

मुलीनं परत विचारलं तेव्हा मी म्हटलं, ॲपला पाणी मोजू द्या, पाऊस पाडू द्या, त्याला ते माझ्यापेक्षा बरं जमतं. कोण बोललं हे मात्र त्याला विचारू नका. ती म्हणाली, त्यांच्या टेबलावर कुणी चुकून राक्षसाला होकार दिला तरी फार तर एक किल्ला जातो. मी म्हटलं, तुमचं बरं आहे.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याच गावात परत खेळ लावला. झऱ्याचा प्रश्न तसाच होता आणि खालची विहीर तशीच कोरडी. मला वाटत होतं, त्या दिवशी धोंडिबा आणि सखू जिथपर्यंत येऊन थांबले होते तिथून पुढे काही निघेल; निदान उन्हाळ्याचे दोन महिने, निदान गुरांपुरतं. टॅब पिशवीतच ठेवला. चादर अंथरली. बबनराव आले. चिमाबाईला आणायला मी स्वतः वर गेले, ती नाही न म्हणता आली. वाडीत तिचं परत नीट चालू होतं. झऱ्यावर आता कुणी बाजूला सरत नव्हतं.

चिठ्ठ्या उचलल्या. तिला वाचता येत नाही, म्हणून तिची मी वाचून दाखवली. खालच्या गावातली यशोदा, घरात लहान लेकरू, विहीर कोरडी. तिनं ऐकून घेतलं, चिठ्ठीची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"मी चिमाबाईच खेळंल," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. असं चालत नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तिला सांगायला हवं होतं, की चिमाबाई, असं केलं तर खेळच राहत नाही. तोंडात खडीसाखर नव्हती, तरी मला बोलता आलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते? मी म्हटलं, बरं.

फासा टाकला, पाऊस कमी पडला. बबनरावांनी, ते जे कोण झाले होते त्याच्या तोंडून, खालच्यांच्या गुरांपुरतं पाणी मागितलं. चिमाबाईनं झऱ्याचे चिंचोके ओंजळीनं आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि म्हणाली, न्हाई. दुसऱ्या उन्हाळ्यात दुसऱ्यानं मागितलं. न्हाई. तिसऱ्या उन्हाळ्यात बबनरावांनी नुसतं तिच्याकडे बघितलं, आणि तिनं बघूनच मान हलवली. चौथ्या उन्हाळ्यात कुणी मागितलंच नाही.

दिवसभर चालायचा तो खेळ अर्ध्या तासात संपला. भांडण नाही, आवाज नाही. शाळेच्या मागं चूल पेटवून चहाचं आधण ठेवलं होतं, त्याला अजून उकळी फुटायची होती.